साठच्या काट्यावर

गाडीचे चारही टायर एकदम बदलू नका, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतंच. पण निदान त्या माणसाचं नाव आज आदराने घेता आलं असतं. तसं कोणी सांगितलं नाही. उलट आमच्या अख्ख्या उमेळे गावाने मला टायर घ्यायला लावले. जुने टायर गुळगुळीत झाले होते हे खरं. त्यांची नक्षी आणि माझे केस साधारण एकाच वेगाने जात होते, आणि केसांबद्दल कोणी बोलत नसे, टायरांबद्दल मात्र दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळे बोलत. त्यातच बायकोच्या मावसभावाने, विपुलने, बरी चाललेली नोकरी सोडून वसई रोडला टायरचं दुकान काढलं. मग काय, प्रश्नच मिटला. पहिलं गिऱ्हाईक घरचंच हवं, असं आमच्या घरी ठरलं. म्हणजे बायकोने, विमलाने, ठरवलं आणि मला कळवलं.

दुकानात चार टायर ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू लावलं होतं. झेंडूचे हार होते. विमलाने चौघांनाही ओवाळलं. लग्नात मला सुद्धा इतका वेळ ओवाळलेलं आठवत नाही. विपुल भरल्या डोळ्यांनी म्हणाला, "भावोजी, तुमच्यापासून सुरुवात होतेय." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुकानाबाहेर आलो तेव्हा रबराचा तो नवा, कडवट वास गाडीभर पसरला होता, आणि मला उगीचच कुठेतरी लांब जावंसं वाटत होतं.

लांब म्हणजे चांदीपला. तिथे विपुलची आई, विमलाची रंभा मावशी, एकटी राहते. लेकाच्या दुकानातले टायर तिला दाखवून तिला चार दिवस आमच्याकडे आणायचं, असा बेत होता.

थंडीचे दिवस होते. नायगावचा पूल ओलांडला, जूचंद्र मागे पडलं. जूचंद्रच्याच शाळेत मी चित्रकला शिकवली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्या गावात पोरं रांगोळी घेऊनच जन्माला येतात. अशा गावात चित्रकलेचा मास्तर म्हणून टिकायचं तर हातात काहीतरी पाहिजे. माझ्या हातात गोल होता. कंपास न घेता, खडू न उचलता मी फळ्यावर एका दमात गोल काढायचो, आणि सुरुवात केली तिथेच खडू परत यायचा. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढा वेळ गप्प बसत. माझ्याकडे मोठं घर नाही, मोठा हुद्दा कधी नव्हता. पण हा हात होता. हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढे जे झालं ते नेमकं या हातालाच झालं.

बापाण्याहून आम्ही महामार्गाला लागलो. आमच्या वसईत साठचा वेग मिळणं ही एक दुर्मीळ गोष्ट आहे. तिशीला खड्डा येतो, चाळिशीला रिक्षा आडवी येते, आणि पन्नासला पोचावं तर पुढे कोणाची तरी वरात असते. महामार्गावर मात्र सकाळच्या उन्हात मोकळा रस्ता चकाकत होता. काटा पन्नासच्या पुढे गेला. साठला टेकला. आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग थरथरायला लागलं.

फार नाही. थंडीत कुडकुडणारं मांजर हातात धरावं, इतकंच. मी वेग कमी केला, थरथर थांबली. वाढवला, पुन्हा सुरू.

"विमला, तुला काही जाणवतंय का गं?"

विमला झोपली होती. गाडीत पट्ट्याचा 'टक्' आवाज झाला की तिचे डोळे मिटतात. मी शिरसाडला वळून आत गेलो, तिथे साठचा प्रश्नच नव्हता.

चांदीपला रंभा मावशीने टायर पाहिले. एकेका टायरवरून हात फिरवला. शेजारणींना बोलावून आणलं. "माजे विपुलच्या दुकानातलं हाये," असं ती प्रत्येकीला वेगवेगळं सांगत होती. कापणी झालेल्या शेतात वाल पसरला होता, त्याच्यावरून गार वारा येत होता, आणि चार बायका माझ्या गाडीभोवती उभ्या राहून टायरांचं कौतुक करत होत्या. अशा वेळी "ते थरथरतात" असं म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही.

परतताना मावशी मागे बसली. महामार्गावर काटा साठला गेला आणि तो थरकाप पुन्हा सुरू झाला. मी आरशातून मावशीकडे पाहिलं. ती आनंदात होती. "लोन्यावरून गेल्यागत चालते गाडी," ती म्हणाली. मग पुढे वाकली, माझ्या हातांकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "जावईबापू, तुमचे हात का थरथरतात हो?"

विमला नेमकी त्याच क्षणी जागी झाली.

*

दुसऱ्या दिवशी मी विमलाला घेऊन विपुलच्या दुकानात गेलो. नात्यातल्या दुकानदाराकडे तक्रार घेऊन जाणं फार अवघड. दुसरा कोणी असता तर मी आवाज चढवला असता. इथे आधी चहा झाला, मग मावशीच्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग मी हळूच म्हणालो, "विपुल, जरासं... म्हणजे अगदी जरासंच... हलतंय."

विपुलचा चेहरा असा उतरला, की मीच टायर विकलेत आणि त्याने तक्रार केलीय असं मला वाटायला लागलं. त्याने चाकं काढून बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवली. नवंकोरं यंत्र, त्यावर लाल आकडे. चाक फिरलं, थांबलं, विपुलने रिमच्या कडेला शिशाची छोटी वजनं ठोकली, पुन्हा फिरवलं. दोन्हीकडे शून्य आलं.

"बघा भावोजी, शून्य-शून्य. परफेक्ट."

"मग हलतं का?"

"मी चालवून बघू?"

त्याने दुकानापासून अंबाडी रोडपर्यंत एक चक्कर मारली. सकाळी दहाची वेळ. त्याचा सर्वात जास्त वेग सायकलवाल्याने मागे टाकण्याइतका होता. परत येऊन म्हणाला, "मख्खन." आणि खरं सांगायचं तर वसईच्या रस्त्यावर गाडी हलते ही तक्रार कोणी कुठल्या तोंडाने करावी? इथे उभी गाडीसुद्धा हलते.

"पुढचे टायर मागे टाकून बघूया का?" मी विचारलं.

"नको नको! कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत टायर जागचे हलवायचे नाहीत. नाहीतर ते तक्रारच घेत नाहीत."

मग मला माझी विद्या आठवली. मी म्हणालो, "जॅक लाव. मी दाखवतो." पुढचं डावं चाक हवेत आलं. मी खिशातून खडू काढला (तो माझ्या खिशात का असतो, हे निवृत्त शिक्षकाला विचारू नये), विपुलने चाक जोरात फिरवलं, आणि मी कोपर जॅकशेजारी घट्ट टेकवून खडू टायरच्या अगदी जवळ धरला. टायर पुरता गोल असेल तर खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटणार. चाक थांबलं. रेघ एका बाजूला जाड उमटली होती आणि दुसऱ्या बाजूला मुळीच नव्हती.

"हे बघ!" मी म्हणालो. "हा गोलच नाही. एका जागी फुगलाय."

विपुल वाकून बघत राहिला. बराच वेळ. मग अत्यंत नम्रपणे, अगदी हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, हात हलला असेल."

मी विमलाकडे वळलो. ती टायरकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.

*

आमच्याकडे एखादी गोष्ट एका घरात ठरली की दुपारच्या चहापर्यंत ती गावची होते. संध्याकाळी शेजारचा युजीन कुंपणापाशी आला. युजीन सारी हयात बोटीवर इंजिनखात्यात होता, आणि जमिनीवरच्या कुठल्याही यंत्राबद्दल त्याला एक प्रकारची दया वाटते.

"दिवाकर, ऐकलं ते खरं काय रे?"

"टायर खराब आहे, युजीन."

"ते सोड. सकाळी जास्त थरथरतात की संध्याकाळी?"

"टायर?"

"हात."

त्याला मी गाडीत बसवून महामार्गावर नेलं. काटा साठला आला. "आता बघ!" मी म्हणालो. पण युजीनला बसल्याबसल्या पाय हलवायची सवय आहे. त्याचा उजवा पाय असा काही नाचत होता, की त्याच्याखाली भूकंप झाला असता तरी त्याला कळलं नसतं. शिवाय तो बोलत होता. एकदा बोटीचा पंखा कसा वाकला आणि सगळी बोट कशी गुणगुणायला लागली, ते त्याने बापाण्यापासून शिरसाडपर्यंत सांगितलं. शेवटी म्हणाला, "मला तर काय नाय लागलं. थांब, मी चालवून बघतो."

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या गाडीला मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे; म्हणून मी 'नको' म्हणालो तेव्हा युजीनला काही वाटलं नाही. पण त्या वेळचं कारण वेगळं होतं. त्याने स्टिअरिंग धरलं आणि ते हललंच नाही, तर? मग पुढे बोलायला काही उरलं नसतं. मी "नको, राहू दे" म्हणालो आणि पन्नासच्या आत गाडी ठेवून घरी आलो.

रात्री पुण्याहून अनुजचा फोन. "बाबा, थोडे दिवस गाडी नको ना चालवू. रिक्षाने जा. आई टेन्शनमध्ये आहे."

"अरे, टायर..."

"हो हो, टायर असेलच. पण तरी."

हे 'पण तरी' मला फार लागलं. मुलाला चालायला शिकवताना ज्या हाताने धरलं, त्या हाताबद्दल तो 'पण तरी' म्हणतो!

मग डॉक्टर. आमच्या डॉक्टर मेघनाबाई माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी मला दोन्ही हात समोर ताठ करायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. विमलाने तोंडावर पदर धरला. तेवढ्यात डॉक्टरांनी वर पाहिलं आणि पंखा बंद केला. कागद शांत झाला. त्यांनी मला नाकाला बोट लावायला लावलं, बटण घालायला लावलं, एक गोगलगाईसारखी वळत जाणारी रेघ काढायला लावली. ती रेघ बघून त्या म्हणाल्या, "सर, ही मी फ्रेम करून लावू का?"

"म्हणजे हात ठीक आहेत?"

"उत्तम आहेत."

बाहेर पडल्यावर मी विजयी मुद्रेने विमलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यांनी तुम्हाला खुर्चीत बघितलं. साठच्या वेगात नाही बघितलं."



*

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. केळीच्या बागेत पाणी सुटत होतं, मागच्या बाजूला नव्या इमारतीचे खांब एकेक मजला वर चढत होते. मी व्हरांड्यात बसून माझे हात बघायचो. चहाच्या पेल्यात वरची साय हलते का बघायचो. पेला तसा अर्धाच भरलेला असायचा. घरात साखर-दूध जपून वापरण्याचं नवं धोरण आलं असावं, अशी मी समजूत करून घेतली होती. वर्तमानपत्र धरलं की त्याची कड बघायचो, बातमी नाही. रंभा मावशी समोर बसून वाल सोलायची आणि मधूनच माझ्याकडे अशी मायेने बघायची, की मला अंगावर शाल घ्यावीशी वाटे.

एका दुपारी सगळे झोपलेले असताना मी अडगळीतून जुना फळा काढला. खडू घेतला आणि गोल काढला. एका दमात. जुळला. मी तो बराच वेळ बघत बसलो. दुपारचं ऊन नारळीच्या झावळ्यांतून फळ्यावर पडत होतं, गोलाच्या आत बाहेर सावल्या पोहत होत्या, आणि मला कळेना, की हा जुळला, की शेवटच्या वितीत मी तो जुळवून घेतला? इतकी वर्षं फळ्यावर जुळलेले गोल, ते तरी...? मी ओल्या फडक्याने फळा पुसून टाकला. तो सुकेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

टायर कंपनीकडे विपुलने तक्रार नोंदवली होती. त्या बिचाऱ्याचीही दैना होती. पहिल्याच गिऱ्हाइकाची तक्रार, तीही बहिणीच्या नवऱ्याची. मीही कंपनीला फोन केला. आधी एका गोड आवाजाने माझी तक्रार त्यांच्यासाठी मोलाची असल्याचं सांगितलं, मग ती मोलाची तक्रार हिंदीत सांगायची की इंग्रजीत ते विचारलं. मराठीचं बटण होतं, पण ते दाबलं की फोन बंद व्हायचा. शेवटी एक माणूस भेटला.

"व्हायब्रेशन किस स्पीड पे, सर?"

"साठ."

"रोड कैसा था?"

"महामार्ग. चांगला."

"ड्रायव्हर की उमर?"

"एकसष्ट."

"ओ... के, सर," तो म्हणाला. 'ओ' आणि 'के' यांच्यामध्ये त्याने जी जागा सोडली, तिच्यात माझी सगळी अब्रू मावली.

*

पण विपुलच्या दुकानात इन्स्पेक्शनला माणूस आला. माणूस म्हणजे हेमांगी नावाची मुलगी, इंजिनीअर. पाठीवर भली मोठी पिशवी, डोळ्यांखाली काळं. सकाळी पालघर, मग बोईसर, मग विरार आणि आता आम्ही. टायरवरचे आकडे तपासले, हवा मोजली, नक्षीची खोली मोजली, फोटो काढले. सगळं नियमात होतं.

"काका, आता रोड टेस्ट. तुम्ही चालवायचं, मी शेजारी बसून फील घेणार."

"तुम्हीच चालवून बघा ना," विमला म्हणाली.

"कस्टमरची गाडी चालवायला आम्हाला अलाउड नाही, काकी."

विमला मागे बसली. विपुलकडे नेमकं गिऱ्हाईक आलं होतं, तो दुकानातच राहिला. पण आम्ही निघताना त्याने माझ्याकडे पाहिलं त्या नजरेत त्याचं सगळं दुकान होतं. टायर चांगला ठरला तर मी म्हातारा, वाईट ठरला तर तो बुडाला.

दुपार कलत होती. जूचंद्र गेलं, बापाणे गेलं. महामार्गावर मी हळूहळू वेग वाढवला. पंचावन्न. साठ. हातात थरथर आली.

"आलं!" मी म्हणालो. "हेमांगी, आता बघा!"

मी डावीकडे पाहिलं. तिचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, मांडीवरचा टॅब घसरायला आला होता. गाढ झोप.

मी आरशात पाहिलं. विमला मात्र, आयुष्यात पहिल्यांदा चालत्या गाडीत, टक्क जागी होती.

"उठवू का?" मी कुजबुजलो.

"नको हो," तीही कुजबुजली. "बिचारी कधीची उन्हात फिरतेय. झोपू दे थोडी."

म्हणून मी चालवत राहिलो. शिरसाडचा फाटा गेला तरी वळलो नाही. दोन्ही बाजूंना धुरकट सोनेरी उजेड होता, डोंगर कोणीतरी पाणी जास्त झालेल्या रंगात काढल्यासारखे फिके झाले होते. सरळ रस्ता, आत एक परकी मुलगी झोपलेली, आणि आम्ही दोघं नवराबायको तिची झोप मोडू नये म्हणून इतके हळू बोलत होतो, की तसं बोलून आम्हाला कित्येक वर्षं झाली असतील.

"हलतायत," विमला म्हणाली. ती पुढच्या दोन सीटांच्या मधून माझ्या हातांकडे बघत होती.

"स्टिअरिंग हलतंय, विमला."

"मला हात दिसतायत."

मी मागून येणाऱ्या एका टँकरला वाट दिली.

"मी तुमचा चहा अर्धा भरते," ती म्हणाली. "सांडला तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. रात्री तुम्ही झोपलात की मी तुमचा हात धरून बघते, झोपेत हलतो का. नाही हलत. मग मला वाटतं, सकाळी हलेल. माझ्या बाबांचं दुखणंही आधी हातापासूनच सुरू झालं होतं."

इतके दिवस मी माझ्या अब्रूचा विचार करत होतो. शेजारी कोणी जागं असतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

"मलाही भीती वाटते," मी म्हणालो. "म्हणून युजीनला चालवू दिली नाही."

"थांबवा गाडी," विमला म्हणाली.

"का?"

"मी चालवते."

विमलाकडे लायसन्स आहे. अनुज शाळेत असताना तिने ते काढलं, एकदा आमच्याच फाटकाचा खांब पाडला, आणि त्यानंतर मी किल्ली कधी तिच्या हातात दिली नाही. ती आता हात पुढे करून बसली होती. तिच्या हातात स्टिअरिंग हललं नाही तर काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी कडेला गाडी घेतली. हेमांगी कुशीवर वळली, पण उठली नाही. आम्ही चोरांसारखे दारं न आपटता जागा बदलल्या.

मी मागच्या सीटवर बसलो. विमलाने आरसे नीट केले, देवाचं नाव घेतलं, आणि गाडी पुढे गेली. वीस. ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जात होते. तीस. एका ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं. त्यावरच्या बायकांनी आमच्याकडे वळून पाहिलं. मी तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. 'गिअर बदल' हे दोन शब्द दातांमागे येऊन उभे होते, पण मी त्यांना बाहेर सोडलं नाही. तिने आपणहून बदलला. चाळीस. पन्नास. तिची वेणी खांद्यावरून पुढे आली होती आणि ती इतकी ताठ बसली होती, की मला शाळेतल्या चित्रस्पर्धेला बसलेल्या मुली आठवल्या.

"किती झाले?" ती कुजबुजली. काट्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

"पंचावन्न. अजून थोडं."

गाडी पुढे सरकत होती. काटा साठला टेकला, आणि मी आरशात तिचा चेहरा बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग तिच्या भुवया वर गेल्या.

"अहो," ती म्हणाली. "अहो! हलतंय! हलतंय हो! अख्खं हलतंय!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली, की हेमांगी दचकून उठली आणि तिचा टॅब खाली पडला. "काय झालं? ॲक्सिडेंट?"

"हात ठेव!" विमला म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे मला पुढच्या रस्त्याची काळजी वाटायला लागली. "ठेव हात इथे! बघ!"

हेमांगीने स्टिअरिंगवर बोटं ठेवली. क्षणभर तिचा चेहरा झोपेतच होता. मग तो इंजिनीअरचा झाला.

"हो," ती म्हणाली. "हे तर... हो. काकी, जरा पासष्ट घ्या. आता कमी करा. हं. परत वर." विमलाने तिला पन्नास ते पासष्टमध्ये इतक्या वेळा वरखाली नेलं, की शेवटी तीच म्हणाली, "बस, काकी. कळलं." मग ओशाळून माझ्याकडे वळली. "काका, सॉरी. मी झोपले का?"

"छे," मी म्हणालो. "जरा डोळे मिटले होते."

दुकानात परतल्यावर तिने पुढचा डावा टायर उतरवून घेतला आणि तो एका जागी फुगीर आहे, कारखान्यातलाच दोष आहे, असं लेखी दिलं. यंत्राला वजन कळतं, आकार कळत नाही, हेही तिने विपुलला समजावलं. विपुल ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता. दोष कारखान्याचा होता, दुकानाचा नव्हता. सगळं ऐकून झाल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. "भावोजी, त्या दिवशी मी बोललो ते..."

"दुकान चालवायचं असेल तर गिऱ्हाइकाला असं कधी बोलू नकोस," मी म्हणालो. "घरच्याला बोललास, ते ठीक आहे."

नवा टायर यायला वेळ लागला. तो आधी चुकून भलत्याच गावच्या दुकानात गेला, मग योग्य गावी आला तो चुकीच्या मापाचा. तेवढ्या काळात युजीनने गावभर सांगितलं, की त्याला पहिल्या दिवसापासून टायरचाच संशय होता. मी ते मोडून काढलं नाही. रंभा मावशी चांदीपला परत गेली, जाताना म्हणाली, "टायर वायट निघाला तो कंपनीचा. बाकी तीन माजे विपुलचे."

अखेर टायर बसला. विपुलने या वेळी हार घातला नाही. किल्ली माझ्या हातात दिली. मी ती घेऊन गाडीपाशी गेलो, तर विमला आधीच उजव्या बाजूच्या दाराशी उभी होती. मी किल्ली तिला दिली आणि वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसलो.

संध्याकाळ होत होती. माझी गाडी मी या बाजूने कधी बघितली नव्हती. इथून रस्ता वेगळाच दिसत होता. फुलांचे गजरे विकणाऱ्या बायका, चर्चच्या पायऱ्यांवर बसलेली पोरं, एका बंगल्याच्या आवारातलं तळं आणि त्यात उलटं उभं असलेलं ताडाचं झाड. ती पंचविसाच्या वेगाने चालली होती आणि मागे रिक्षांची रांग लागली होती. एक रिक्षावाला पुढे जाताना काही तरी बोलला. विमलाने त्याला हात केला, ओळखीचा असल्यासारखा. गाडी अगदी शांत चालली होती. थरथर नाही, आवाज नाही.

आमच्या उमेळ्याचा फाटा आला. तिने दिवा दाखवला नाही. वेगही कमी केला नाही. फाटा डोळ्यांदेखत आला आणि मागे गेला.

"विमला, वळण गेलं," मी म्हणालो.

"गेलं," ती म्हणाली.

पुढे वसई गाव होतं, आणि त्याच्या पुढे समुद्र. मी काच खाली केली.